ज्या क्लासात मी शिकले नाही

लातूरमधल्या एका क्लासच्या वेबसाइटवर माझा फोटो होता आणि त्याखाली मी कधीच न बोललेलं एक वाक्य होतं: ‘सरांच्या मार्गदर्शनाशिवाय हे यश शक्य नव्हतं.’ त्या क्लासात मी आयुष्यातली एकच दुपार काढली होती. त्या दुपारी सरांनी मला मार्गदर्शन केलं होतं, नाही असं नाही. पोरीला जवळच्या कॉलेजात आर्ट्सला घाला, सायन्स तिला झेपणार नाही, हे ते मार्गदर्शन.

आमचं गाव किल्लारीजवळ, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्यांपैकी एक. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते शेती बघून किल्लारी-लातूर मार्गावर काळी-पिवळी जीप चालवतात. दहावीचा निकाल चांगला लागला तेव्हा जीपमधल्या प्रत्येक प्रवाशानं त्यांना एकच सांगितलं, पोरीला लातूरला टाका. कुठं टाकायचं ते शोधायला मी त्यांच्या फोनवर क्लासच्या वेबसाइट बघायला बसले. तोवर वेबसाइट म्हणजे निकाल बघायची आणि अण्णांसाठी सातबारा काढायची जागा, एवढंच मला माहीत होतं. या वेबसाइट वेगळ्या होत्या. उघडल्या उघडल्या फोटो सरकत यायचे. थंडगार वर्ग, काचेच्या भिंती, हसणारी मुलं. एका क्लासच्या लायब्ररीच्या फोटोत सोनेरी केसांचा मुलगा पुस्तक वाचत होता. लातुरात असा मुलगा कुठून आला, हा प्रश्न मला पडला नाही. मी सोळा वर्षांची होते आणि छापलेलं खरं असतं असं मानत होते.

आम्ही गेलो तो क्लास हाच. लायब्ररी म्हणजे जिन्याखालचं एक कपाट होतं, त्याला कुलूप. काउंटरवरच्या ताईंनी मला स्टुलावर बसवून कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. ‘आयकार्डला लागतो,’ म्हणाल्या. जीपच्या पुढच्या सीटवर बसून आले होते, केसांत धूळ होती, ओढणी एका खांद्यावरून घसरली होती. ती नीट करायच्या आतच त्यांनी बटण दाबलं. मग एका वर्गात परीक्षा घेतली. पेपर इंग्रजीत होता. मी मराठी माध्यमाची. निम्मे शब्द अंदाजानं लावले.

सरांच्या केबिनमध्ये आणखी एक कुटुंब बसलेलं होतं. त्यांच्यासमोरच सरांनी माझा पेपर टेबलावर टाकला.

‘तुम्ही काय करता?’ त्यांनी अण्णांना विचारलं.

‘जीप हाय साहेब, किल्लारी लाइनला.’

‘मग ही लाइन तुमची न्हाई. पोरीला तिकडंच जवळच्या कॉलेजात आर्ट्सला घाला. सायन्स झेपणार न्हाई तिला.’

‘पोरगी हुशार हाय साहेब. शाळेत पहिली आली.’

‘गावातल्या शाळेत कुणीतरी पहिलं येणारच की.’ समोर बसलेले गृहस्थ हसले. सर त्यांच्याकडं बघून पुढं म्हणाले, ‘मला माझा रिझल्ट खराब करून घ्यायचा न्हाई.’

अण्णा उठले. ‘नमस्कार’ म्हणाले आणि बाहेर आले. आजही मला त्या हसणाऱ्या माणसापेक्षा अण्णांच्या नमस्काराचा जास्त राग येतो. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, ‘लातुरात काय एकच क्लास हाय का? उद्या दुसरा बघू.’ मी म्हणाले, ‘मला कुठलाच नको.’ त्यात धाडस वगैरे नव्हतं. मला त्या स्टुलावर परत बसायचं नव्हतं, एवढंच.

मी किल्लारीच्या कनिष्ठ महाविद्यालयात सायन्सला नाव घातलं आणि घरी अभ्यास केला. आईचा फोन सकाळभर माझ्याकडं असायचा. लोक म्हणतात इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला किती घाण चिकटलेली असते ते कुणी सांगत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका देणाऱ्या वेबसाइटवर ‘डाउनलोड’ लिहिलेली तीन-चार बटणं असायची. त्यातलं खरं एक. बाकीच्यांवर बोट पडलं की तोकड्या कपड्यांतल्या बाया यायच्या, नाहीतर मी फोन जिंकलेय अशी बातमी यायची. आई शेजारी भाजी निवडत बसलेली, आणि मी फोन पालथा घालतेय. व्हिडिओच्या वेबसाइटवर एक शिक्षक हिंदीतून भौतिकशास्त्र शिकवायचे, ते मला कळायचं. पण धडा ऐन रंगात आला की मध्येच गुटख्यासारख्या दिसणाऱ्या वेलचीची जाहिरात. आणखी एक वेबसाइट होती, तिथं अडलेला प्रश्न टाकला की अनोळखी लोक उत्तर द्यायचे. माझ्या पहिल्या प्रश्नावर कुणीतरी लिहिलं, ‘हे इतकं सोपं विचारायला लाज कशी वाटत नाही?’ त्याच्याखाली दुसऱ्या कुणीतरी पूर्ण उत्तर लिहिलं होतं. मी उत्तर उतरवून घेतलं आणि पहिल्याचं वाक्यही डोक्यात ठेवलं.

जुनी पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटवर मी पुस्तकं मागवली. त्यांचा माणूस आमच्या गावाला यायला तयार नव्हता. गावाचा पिनकोड टाकला की ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ असं लाल अक्षरांत यायचं. म्हणून मी लातूरच्या मामांच्या दुकानाचा पत्ता दिला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, आणि लातूर असल्यामुळं सगळ्यात जास्त क्लासचे. पुस्तकं त्यांच्याकडं यायची, तिथून अण्णा जीपमधून आणायचे. मामांनी यात केलं ते इतकंच की खोकं काउंटरखाली ठेवलं.

बारावीनंतर सीईटी दिली. परीक्षेच्या सरकारी वेबसाइटबद्दल मी काय सांगू? निकालाच्या दिवशी ती मेल्यासारखी पडली होती. वाकडी अक्षरं ओळखून लिहायची, मग ‘वेळ संपली’ म्हणून ती आपल्याला बाहेर काढायची. वेळ तिची संपायची, शिक्षा आपल्याला. दुपारी एकदाची उघडली. पर्सेंटाइल इतका चांगला होता की मी नंबर पुन्हा ताडून पाहिला. नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. त्या वेबसाइटवर फक्त माझा नंबर होता, माझं नाव आणि माझे गुण होते. कुणाचं मार्गदर्शन तिथं लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी तिला मी बाकी सगळं माफ केलं.

पुढं जे झालं ते अण्णांच्या जीपमध्ये सुरू झालं. मी विष्णुपुरीला जायच्या तयारीत होते. लातूरला निघालेली एक बाई मुलाला घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. त्याला क्लासला टाकायचं होतं. ती अण्णांना म्हणाली, ‘लई भारी क्लास हाय म्हणतेत. ही बघा, किल्लारीकडचीच पोरगी हाय. हिनं केलं, मग माझा का न्हाई करणार?’ आणि तिनं फोन पुढं केला.

अण्णांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. मागचे प्रवासी ओरडायला लागले तरी ते फोनकडं बघत राहिले. धुळीचे केस, घसरलेली ओढणी. खाली माझं पूर्ण नाव, गाव, गुण आणि ते वाक्य. त्यांनी बाईला सांगितलं, ‘ही माझी पोरगी हाय. ही या क्लासात गेलीच न्हाई.’ बाईचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, ‘मग फोटो कसा हाय?’ अण्णांनी जीप परत रस्त्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा आधी मामांच्या दुकानात गेलो, कारण सगळे क्लासवाले त्यांच्या ओळखीचे होते आणि माझे गुण आणि गाव त्या लोकांना कुणी सांगितलं हे मला विचारायचं होतं. विचारायची गरजच पडली नाही. दुकानाच्या दारात सुकायला टाकलेल्या मोठ्या फ्लेक्सवर मीच होते. माझा चेहरा माझ्याच हातापेक्षा लांब झाला होता.

‘मामा, हे काय आहे?’

‘अगं, किती मोठं नाव झालं तुझं. मीच सांगितलं सरांना. ते माझं जुनं गिऱ्हाईक हाय.’

‘मी त्यांच्याकडं शिकले नाही. त्यांनी आम्हाला हाकललं होतं. तुम्हाला माहीत आहे.’

‘हाव, माहीत हाय. पण तिथं परीक्षा दिली होतीस ना? मग झालं की. सगळेच करायलेत असं.’

‘तो फोटो काढायला सांगा.’

मामांचा आवाज चढला. ‘तुझी पुस्तकं कुणाच्या दुकानावर आली? तेव्हा मामा लागत होता. आता जरा माझं काम व्हायलंय तर पोटात का दुखायलंय तुझ्या?’

अण्णा म्हणाले, ‘पाव्हणं, पोरीला न विचारता करायचं न्हाई असं.’

‘तुम्ही जीप चालवा, दाजी,’ मामा म्हणाले. ‘यातलं तुम्हाला काय कळतं?’

हे वाक्य थोड्या फरकानं अण्णांनी दुसऱ्यांदा ऐकलं होतं, आणि या वेळी त्यांनी नमस्कार केला नाही. ते दुकानाबाहेर आले आणि म्हणाले, ‘चल, क्लासवर जाऊ.’

काउंटरवर त्याच ताई होत्या. सरांनी आम्हाला लगेच आत घेतलं, चहा सांगितला, अण्णांना खुर्ची पुढं केली. त्यांना आमचा चेहरा आठवत होता की नाही, मला कळलं नाही. मला वाटतं, नव्हता.

‘सर, वेबसाइटवरचा माझा फोटो काढा. मी तुमच्याकडं शिकलेली नाही.’

‘बेटा, तू आमच्या परिवारातली आहेस. आमची प्रवेश परीक्षा तू दिली होतीस. तिथूनच तर तुझ्यात जिद्द आली.’

‘तुम्ही म्हणाला होतात मला झेपणार नाही.’

‘तेच तर,’ सर म्हणाले. ‘काही मुलांना चॅलेंज द्यावं लागतं. ती आमची पद्धत आहे.’

अपमानाचंही ते मार्गदर्शन करून दाखवत होते, आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. मग त्यांनी सत्काराची गोष्ट काढली. शाल, ट्रॉफी, अण्णांनाही शाल.

‘शाल नको,’ अण्णा म्हणाले. ‘फोटो काढा.’

‘काढतो. वेबसाइटवाल्याला सांगतो,’ सर म्हणाले. आम्ही चहा न घेता निघालो.

फोटो निघाला नाही. उलट काही दिवसांनी तो एका बातम्यांच्या वेबसाइटवर दिसला. एकट्या माणसानं चालवलेली ती वेबसाइट. हातात माइक धरून तोच फिरतो, तोच लिहितो, तोच संपादक. मथळा होता: ‘जीपचालकाच्या लेकीला सरांनी दिले पंख.’ आत अण्णांची गरिबी रंगवली होती. आम्ही पत्र्याच्या खोपटात राहतो असं लिहिलं होतं. आमचं घर गावातल्या सगळ्यांसारखंच सिमेंटचं आहे. सरांनी माझी सगळी फी माफ केली, हेही त्यात होतं. जी फी कधी मागितलीच नव्हती, ती माफ करून ते दानशूर झाले होते. आईनं ती बातमी मला मोठ्यानं वाचायला लावली आणि खोपटापाशी थांबवलं. ‘पुढचं नको,’ म्हणाली.

विष्णुपुरीला गेले तेव्हा होस्टेलमधल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव शोधून बघितलं. सगळ्याजणी सगळ्यांची नावं शोधत होत्या. माझं नाव दोनच जागी सापडायचं, क्लासच्या वेबसाइटवर आणि त्या बातमीत. ‘अगं, तू त्या क्लासची टॉपर ना? फी माफ झालेली?’ एकीनं विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं फोन दाखवला. ‘मग हे काय?’ मी तोंडानं सांगितलेलं आणि फोनमध्ये दिसणारं यांत लोक फोनवर विश्वास ठेवतात. तिथून पुढं मी समजावून सांगणं बंद केलं. मी भांडायला लागले. ज्या मुलीशी पहिल्यांदा भांडले तीच माझी मैत्रीण झाली, कारण तिनं बाकीच्यांना सांगितलं, ‘हिच्यापुढं त्या क्लासचं नाव काढू नका, चावते.’

दुसऱ्या वर्षाला असताना एक फोन आला. बोलणाऱ्या बाई उदगीरकडच्या होत्या.

‘आमच्या मुलाला तुमचं स्थळ आवडलं,’ त्या म्हणाल्या.

‘कुठलं स्थळ?’

‘लग्नाच्या वेबसाइटवर बघितलं की. फोटो जरा जुना वाटला. आणि त्याच्यावर क्लासची जाहिरात का हाय?’

माझी बायोडाटासकट नोंद मामांनी केली होती, नोंदवणारा म्हणून खाली त्यांचंच नाव होतं. उंची वाढवली होती, रंग गोरा लिहिला होता, आवड म्हणून स्वयंपाक. जात-पोटजात, कुंडली, सगळं भरलेलं. फोटो क्लासच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलेला, कोपऱ्यात क्लासचं चिन्ह आणि ‘प्रवेश सुरू’ ही अक्षरं तशीच. मी बाईंना विचारलं, ‘तुम्हाला मी हवेय की क्लासला प्रवेश?’ त्यांनी फोन ठेवला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण त्या दिवशी माझ्याकडं कुणासाठीच बरा शब्द नव्हता.

लग्नाच्या वेबसाइटवरची नोंद काढणं सोपं निघालं. तिथं तक्रारीचं बटण होतं, दुसऱ्या दिवशी नोंद गेली. क्लासच्या वेबसाइटवर मात्र बटणं होती ती फक्त पैसे भरायची आणि फोन करायची. मी सरांना मेल केले. एकाचंही उत्तर नाही. पण तोवर मी कॉम्प्युटर शिकत होते, आणि एक गोष्ट मला तिथं कळली. वेबसाइट सरांच्या नावाची असली तरी सरांच्या घरात नसते. ती कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर भाड्यानं ठेवलेली असते, आणि ती कंपनी कोणती हे कुणालाही शोधता येतं, त्यासाठीसुद्धा एक वेबसाइट आहे. मी शोधलं. कंपनी परदेशातली निघाली. तिला मी इंग्रजीत लिहिलं. फोटो काढला तेव्हा मी अल्पवयीन होते, आयकार्डसाठी म्हणून काढला होता, जाहिरातीला परवानगी दिलेली नाही, खालचं वाक्य माझं नाही. भांडायचं इंग्रजी मला चांगलं जमलं. ज्या इंग्रजीच्या पेपरावर सरांनी मला घरी पाठवलं होतं, त्याच भाषेत मी एकही शिवी न घालता त्यांची तक्रार केली.

कंपनीनं सरांना फोटो काढायची नोटीस पाठवली. ती नोटीस ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता वेबसाइट बनवणाऱ्या जुन्या माणसाचा होता, आणि सरांनी त्याला केव्हाच काढून टाकलं होतं. नोटीस कुणी वाचलीच नाही. मुदत संपली आणि कंपनीनं अख्खी वेबसाइट बंद केली. ऐन प्रवेशाच्या दिवसांत क्लासचं नाव टाकलं की पांढरं पान आणि वर एक इंग्रजी ओळ. मी ते पान होस्टेलच्या जिन्यात बसून कितीतरी वेळा उघडलं. मला आनंद झाला. त्याहून बरं काही वाटायला हवं होतं का, माहीत नाही. मला आनंदच झाला.

त्या आठवड्यातल्या रविवारी मामा आमच्या गावाला आले. मी होस्टेलवरून सुट्टीला घरी आले होते. चप्पल न काढताच ते आत आले.

‘अक्का, तुझ्या पोरीनं माझं गिऱ्हाईक तोडलं. सरांनी सगळं काम दुसऱ्याला दिलं.’

आई भाकरी करत होती. तिनं तवा उतरवला. ‘चप्पल काढ,’ म्हणाली.

‘मी काय बोलायलो आणि तू काय बोलायलीस?’

‘चप्पल काढ आणि बस. मग बोल.’

मामांनी चप्पल काढली, पण बसले नाहीत. ‘मी तिचं नाव केलं, तिचं स्थळ बघितलं. आणि ही कोर्टकचेरीची भाषा करायलीय.’

‘तू तिला विचारलं होतंस का?’ आईनं विचारलं.

‘मामानं भाचीला काय विचारायचं?’

‘खोपट म्हणून लिहिलं ते तू सांगितलं होतंस का?’

मामा म्हणाले, ‘ते लोक वाढवून लिहितेत. गरिबी दाखवली की लोक वाचतेत.’

‘हे घर बांधताना तू इथंच होतास,’ आई म्हणाली. ‘बारका होतास. आमच्या ताटात जेवायचास. खोपट म्हणालास तू ह्याला.’ तिचा आवाज चढला नव्हता. तिनं तवा परत चुलीवर ठेवला. ‘आता जा. भाकरी झाल्यावर जा म्हणले असते, पण न्हाई म्हणणार.’

मामा निघून गेले. अण्णा ओट्यावर बसले होते, ते उठून त्यांना पोचवायला गेले नाहीत. आई त्या दिवशी जेवली नाही. मी जिंकल्यासारखी वागत होते, ते तिला दिसत होतं. ‘तुझं बरोबर हाय,’ ती मला म्हणाली, ‘पण मला भाऊ एकच हाय. जरा गप बस.’ मी गप्प बसले, पण मनातून नाही.

क्लासनं महिनाभरात नवीन वेबसाइट केली. तिच्यावर मी नाही. माझ्या जागी दुसरी मुलगी आहे, तिच्या तोंडीही तेच वाक्य आहे, एका अक्षराचाही फरक नाही. ती तिथं खरंच शिकली असेल, नसेलही. क्लास जोरात चालू आहे. सरांचं माझ्यामुळं काही कायमचं नुकसान झालेलं नाही, आणि ते झालं असतं तर मला वाईट वाटलं नसतं.

मामा आणि आई पुन्हा बोलायला लागले. भाऊबीजेला ते येतात, आई ओवाळते. मी आता नांदेडला नोकरी करते, पण दिवाळीत घरी असते. ते आले की मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवते आणि आतल्या खोलीत जाते. ते आईला विचारतात, ‘अजून राग गेला न्हाई का हिचा?’ आई म्हणते, ‘तिलाच विचार.’ ते विचारत नाहीत.

बातमी मात्र अजून आहे. मी त्या संपादकाला फोन केला होता. तो म्हणाला, ‘ताई, आमच्याकडं बातमी काढत नाहीत, पत्रकारितेचं तत्त्व आहे.’ मग म्हणाला, ‘तुम्ही आता नोकरीला लागलात ना? तुमची नवी मुलाखत घेऊ. ती वर येईल, जुनी आपोआप खाली जाईल.’ मी त्याला विचारलं, नव्या मुलाखतीत आमचं घर कशाचं असेल? त्याला ते कळलं नाही. त्याची वेबसाइट कोणत्या कंपनीच्या यंत्रावर आहे, ते मी शोधून काढलंय. तक्रार गेली आहे. अण्णा म्हणतात सोडून दे, लोक विसरले. विसरले असतील. अण्णांच्या नावापुढं अजून खोपट लिहिलेलं आहे, म्हणून मी दर सोमवारी त्या कंपनीला पुन्हा लिहिते.